नावाने हाक मारणारा मेंढपाळ

वाचावे : यशया ६२:१–५, योहान १०:१–५, रोमकरांस पत्र, अध्याय १६ वा.

मंडळीत बाप्तिस्म्याचा दिवस जवळ आला म्हणजे एक प्रश्न हटकून उभा राहतो. नाव बदलावे की जुनेच राहू द्यावे? कोणी म्हणतात, नाव पालटल्यावाचून बाप्तिस्मा पुरा होत नाही. जुने नाव राहिले तर जुना मनुष्यही राहिला. कोणी म्हणतात, बापाने ठेवलेले नाव टाकणे म्हणजे बापालाच टाकणे होय. तिसरे काहीजण आहेत ते बोलत नाहीत. त्यांचे नाव मंडळीच्या वहीत नवे लिहिलेले असते, परंतु गल्लीत, नळावर व बाजारात त्यांना जुन्याच नावाने, आणि जुन्याच सुरात, हाक पडते. ह्या तिघांच्याही मनाचे समाधान व्हावे म्हणून नावाविषयी पवित्र शास्त्र काय शिकविते, ह्याचा आज आपण विचार करू.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, बाप्तिस्मा हे बारसे नव्हे. बारशाच्या दिवशी पाळणा सजवितात, आत्या मुलाच्या कानात नाव सांगते, घुगऱ्या वाटतात. हा घरचा आनंद आहे आणि त्यात वावगे काही नाही. परंतु बाप्तिस्म्याच्या वेळी पाळक जे नाव आपल्यावर घालतो ते आपले नव्हे, देवाचे होय. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अखेरीस प्रभूने आपल्या शिष्यांना जी आज्ञा केली, तीत पिता, पुत्र व पवित्र आत्मा ह्यांच्या नावाने बाप्तिस्मा द्यावा असे आहे. बाप्तिस्मा घेणाऱ्याला नवे नाव द्यावे, असा एक शब्दही तेथे नाही. पाळक आपले नाव उच्चारतो ते एवढ्याचसाठी की, देवाचे नाव कोणावर घातले जात आहे हे साऱ्या मंडळीला कळावे.

मेंढपाळाचे उदाहरण घ्या. कळपातील प्रत्येक मेंढराच्या अंगावर धन्याची खूण असते. ती खूण साऱ्या कळपाला एकच. तीवरून मेंढरू कोणाचे हे ओळखता येते. पण ज्याला आपल्या मेंढरांची माया आहे तो तेवढ्यावर थांबत नाही. ही लंगडी, ती कपाळावर ठिपका असलेली, ती मागे राहणारी, असे तो एकेकीला जाणतो व हाक मारतो. खूण एक आणि हाक निराळी. ख्रिस्ती हे नाव आपणा सर्वांवरची खूण आहे, आणि ती अंत्युखियात शिष्यांना प्रथम मिळाली असे प्रेषितांच्या कृत्यांत लिहिले आहे. पण आपले दगडू, यमुना, योहान, सखाराम हे नाव म्हणजे त्या मेंढपाळाची एकेकाला हाक आहे. योहानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू स्वतःविषयी हेच सांगतो की, तो आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो आणि बाहेर नेतो. ज्याला कोणी नावाने ओळखले नाही त्याला प्रभू नावाने ओळखतो. हे शुभवर्तमान आहे, आणि आजच्या आमच्या बोलण्याचे सार एवढेच आहे.

आता कोणी म्हणेल, “शौलाचा पौल झाला ना? त्याचा पालट झाला तेव्हा नावही पालटले.” हे आम्ही पुष्कळ ठिकाणी ऐकले आहे, परंतु शास्त्र उघडून पाहावे. प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात हनन्या त्याच्यावर हात ठेवतो, तेव्हा त्याला “शौल” असे जुन्याच नावाने संबोधतो, आणि वर “भाऊ” म्हणतो. त्यानंतर त्याचा बाप्तिस्मा झाला. तरी पुढे कित्येक अध्यायांत तो शौलच आहे. तेराव्या अध्यायात, तो विदेश्यांत सुवार्ता सांगू लागला तेव्हा, शौल ज्याला पौलही म्हणत, असा उल्लेख येतो. म्हणजे त्याला दोन नावे होती. एक इब्र्यांत चालणारे, दुसरे रोमी लोकांत चालणारे. ज्यांना सुवार्ता सांगावयाची त्यांच्या तोंडी सहज बसेल ते नाव त्याने वापरले. हनन्याच्या मुखातून त्याला जे नवे मिळाले ते “पौल” हे नव्हते, “भाऊ” हे होते. कालपर्यंत जो मंडळीचा छळ करीत होता, त्याला मंडळीने भाऊ म्हटले. नवे नाव पाहिजे असेल, तर ह्याहून मोठे ते कोणते?

रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा शेवटचा अध्याय आपण पुष्कळदा भराभर वाचून टाकतो, कारण त्यात नावांवाचून काही नाही असे वाटते. पण तो अध्याय म्हणजे एका मंडळीची हजेरी आहे, आणि तो सावकाश वाचावा. त्यात हर्मेस आहे. हे ग्रीकांच्या एका देवाचे नाव. नीरिय आहे, हे त्यांच्या समुद्रदेवाचे नाव. फीबी भगिनीचे नावही त्या लोकांच्या एका देवीच्या नावांपैकी आहे. इतर पत्रांत पाहा. एपफ्रदीत ह्या नावात अफ्रोदिता ही देवी आहे, देमेत्रिय ह्यात दिमेतर ही देवी आहे, आणि अपुल्लोस ह्यात अपुल्लो हा देव आहे. मूर्तिपूजकांच्या देवांवरून आलेली ही नावे. पौलाने ह्यांतील एकाचेही नाव बदलल्याचे दिसत नाही. फीबीला तो आपली बहीण म्हणतो, एपफ्रदीताला आपला भाऊ व सोबती म्हणतो. नाव जुने राहिले, नाते नवे झाले.

तथापि नाव बदलणे हे पाप आहे, असेही कोणी समजू नये. युसेबियस नावाच्या मंडळीच्या इतिहासकाराने चौथ्या शतकाच्या आरंभीची एक गोष्ट लिहून ठेवली आहे. छळाच्या दिवसांत मिसर देशाचे काही ख्रिस्ती कैसरिया येथे सुभेदारापुढे उभे करण्यात आले. नावे विचारली तेव्हा त्यांनी एलीया, यिर्मया, यशया, शमुवेल व दानीएल अशी संदेष्ट्यांची नावे सांगितली. त्यांच्या आईबापांनी ठेवलेली नावे मूर्तींवरून होती, म्हणून ती त्यांनी टाकली होती. त्यांनी प्राणही दिले. त्याच्या पूर्वीच्या शतकात अलेक्झांद्रियाचा अध्यक्ष दियनुस्य ह्याने लिहिले की, विश्वासणारे आपल्या मुलांना पौल व पेत्र अशी नावे प्रीतीने ठेवतात. आणि हे लिहिणाऱ्या अध्यक्षाचे स्वतःचे नाव मात्र ग्रीकांच्या मद्यदेवावरून होते! एकाने टाकले, दुसऱ्याने ठेवले, दोघेही प्रभूचेच. जेथे प्रभूने ओझे घातले नाही तेथे आपण ते घालू नये.

आपल्या देशाकडे पाहिले तरी हेच दिसते. नारायण वामन टिळक ह्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला, आणि ते अखेरपर्यंत नारायण वामनच राहिले. बाबा पदमनजी ह्यांनी १८५४ साली बेळगावास बाप्तिस्मा घेतला. त्यांचेही नाव तेच राहिले. पंडिता रमाबाई जगाला रमाबाई म्हणूनच ठाऊक आहेत. लक्ष्मीबाई टिळकांचे माहेरचे नाव मनकर्णिका, ते पालटले ते लग्नात, रीतीप्रमाणे, बाप्तिस्म्यात नव्हे. पंजाबातील साधू सुंदरसिंग १९०५ साली सिमल्यास बाप्तिस्मा घेऊनही सुंदरसिंगच होते. उलट, नीळकंठशास्त्री गोऱ्हे ह्यांनी १८४८ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा नहेम्या हे नाव धारण केले, आणि त्याच नावाने त्यांची कीर्ती झाली. ह्यांपैकी अमका अधिक ख्रिस्ती व तमका कमी, असे कोण म्हणेल?

पण जेथे नाव पालटणे हे मनुष्याच्या इच्छेवर न राहता वरून लादले गेले, तेथे त्याची फळे कडू आली. सोळाव्या शतकात गोव्यात पोर्तुगिजांच्या राज्यात बाप्तिस्मा घेणाऱ्यांना पोर्तुगीज नावे देण्यात आली, आणि पुष्कळांना आडनावही धर्मपित्याचे किंवा धर्मगुरूचे मिळाले. पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख त्या एका दिवशी कागदावरून गेली. प्रॉटेस्टंट मंडळ्यांनीही आपल्याला निर्दोष समजू नये. १५४६ साली जिनीव्हा शहरात एका बापाने आपल्या मुलाचे नाव क्लोद ठेवावे असे सांगितले. ते नाव त्या प्रांतात पूजल्या जाणाऱ्या एका संताचे, म्हणून पाळकाने ते न घेता अब्राहाम ह्या नावाने बाप्तिस्मा दिला. बापाने मूल उचलून नेले, लोक खवळले, आणि मोठी गडबड उडाली. अब्राहाम हे नाव वाईट थोडेच आहे? पण चांगले नावही बापाच्या हातून हिसकावून दिले तर ते कानाला गोड लागत नाही.

शास्त्रातील नाव आहे एवढ्यावरून ते निवडणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. आमच्या मंडळ्यांत शद्रख, मेशख व अबेदनगो ही नावे मोठ्या आवडीने ठेवतात. परंतु दानीएलाचा पहिला अध्याय सांगतो की, ही नावे बाबेलच्या राजाच्या खोजांच्या सरदाराने त्या बंदिवान तरुणांना दिली. त्यांच्या आईबापांनी ठेवलेली नावे हनन्या, मिशाएल व अजऱ्या ही होती, आणि त्यांत परमेश्वराचे नाव गुंफलेले होते. धन्याने नाव पालटले, पण अंतःकरण त्याला पालटता आले नाही. ते अग्नीच्या भट्टीत गेले तरी राजाच्या मूर्तीपुढे वाकले नाहीत. तसेच हनन्या हे नाव पाहा. त्याचा अर्थ, परमेश्वर कृपाळू आहे. कृत्यांच्या पाचव्या अध्यायातील हनन्या पैशाविषयी खोटे बोलून मेला. नवव्या अध्यायातील हनन्याने शौलाला भाऊ म्हटले. नाव एक, मनुष्ये दोन. आणि यहूदा ह्या नावाचा अर्थ स्तुती. त्या नावाच्या शिष्याने काय केले हे सांगावयास नको. म्हणून चांगले नाव ठेवले म्हणजे चांगला मनुष्य झाला, अशी समजूत कोणी करून घेऊ नये.

येथवर आम्ही मोकळीक सांगितली. पण एका जातीच्या नावांविषयी मंडळीने डोळे झाकून चालणार नाही. ती म्हणजे हीनपणाची नावे.

आपल्या खेड्यांत दगडू, धोंडू, केरू, कचरू, भिकू ही नावे पूर्वीपासून आहेत. ती कशी पडली हे वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. ज्या आईची दोन-तीन मुले पाठोपाठ गेली, ती पुढच्याला उकिरड्यावर क्षणभर ठेवून उचलून आणी आणि कचरू म्हणे. हेतू हा की मृत्यूने त्याला टाकाऊ समजून त्याकडे पाहू नये. कोणी दगडू म्हणे, म्हणजे लेकरू दगडासारखे टिकावे. अशा नावाला हसू नये. त्या नावात एका आईचे रडणे आहे. ती आपल्या मुलाला तुच्छ मानीत नव्हती. ती त्याला भीतीच्या पदराखाली लपवीत होती. पण ज्याने इस्राएलाचा रक्षक झोप घेत नाही हे एकशे एकविसाव्या स्तोत्रात वाचले आहे, त्याला आपले लेकरू कचऱ्याच्या नावामागे लपविण्याची गरज उरत नाही. आणि हेही सांगून ठेवतो की, दृष्ट लागू नये म्हणून दगडू ठेवणे आणि दृष्ट लागू नये म्हणून पेत्र ठेवणे, ह्यांत काडीचाही फरक नाही. भीती तीच, फक्त ताईत बदलला.

दुसरी नावे आईच्या भीतीतून नव्हे, तर गावाच्या गर्वातून आली. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात असा नियम आहे की, ब्राह्मणाचे नाव मंगल सुचविणारे, क्षत्रियाचे बळ सुचविणारे, वैश्याचे धन सुचविणारे आणि शूद्राचे निंदा सुचविणारे असावे. ज्यांना शूद्राच्याही खाली लोटले त्यांची गोष्ट तर विचारूच नये. कोणी आपल्या मुलाचे नाव चांगले ठेवले, तरी गाव ते चांगले राहू देत नसे. रामाचा राम्या झाला, सखारामाचा सख्या झाला, गंगूबाईची गंगी झाली. सवंगडी प्रेमाने असे म्हणतात ते निराळे. येथे तर काल मिसरूड फुटलेला पोरगा साठ वर्षांच्या म्हाताऱ्याला “ए राम्या” म्हणे, आणि म्हातारा “जी” म्हणे. नाव नुसते हाक मारण्यासाठी नसते. ते मनुष्याला त्याची जागा दाखविण्यासाठीही वापरता येते, हे आमच्या वाडवडिलांनी आयुष्यभर भोगले.

तिसरे नाव सर्वांत कठोर, कारण ते घरातच पडते. मुलगा व्हावा म्हणून वाट पाहिली आणि पुन्हा मुलगी झाली, तर तिचे नाव नकोशी किंवा नकुसा. ही फार जुनी गोष्ट आहे असे समजू नका. २०११ सालच्या ऑक्टोबर महिन्यात सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभाने नवी नावे देण्यात आली. कित्येक मुलींनी आपली नावे आपणच निवडली. विचार करा, त्या दिवसापर्यंत त्या मुलीला जेवावयास बोलावताना, शाळेत हजेरी घेताना, आजारात औषध देतानासुद्धा, प्रत्येक वेळी तिला सांगितले जात होते की, तू आम्हांला नको होतीस.

आता यशयाचा बासष्टावा अध्याय उघडा. यरुशलेम उजाड पडले होते. शेजारची राष्ट्रे तिला टाकलेली म्हणत, आणि तीही स्वतःला तेच समजू लागली होती. तेथे परमेश्वर सांगतो की, ह्यापुढे तुझे ते नाव चालणार नाही. तुला हेफसीबा म्हणतील. हेफसीबा ह्याचा अर्थ, माझा आनंद तिच्या ठायी आहे. नकोशीची हवीशी झाली, आणि ती देवाच्या स्वतःच्या मुखाने झाली! ज्या देवाने एका नगरीसाठी हे केले, तो सातारच्या खेड्यातील मुलीसाठी करणार नाही काय? सरकारी अधिकाऱ्यांना जे सुचले ते मंडळीला आधी सुचावयास पाहिजे, कारण आपल्यापाशी यशया आहे.

कुलपती याकोबाचे उदाहरणही आहे. राहेल प्रसूत होऊन मरत असता तिने मुलाला बेनोनी म्हटले, म्हणजे माझ्या दुःखाचा पुत्र. याकोबाने राहेलीवर किती प्रीती केली हे आपण जाणतो. तरी त्याने ते नाव राहू दिले नाही. त्याने मुलाला बन्यामीन म्हटले, म्हणजे उजव्या हाताचा पुत्र. दुःख खरे होते, पण ते दुःख लेकराने जन्मभर कपाळावर वागवावे हे बापाला मान्य नव्हते. त्याच्या उलट याबेसाची गोष्ट पाहा. त्याच्या आईनेही क्लेशावरूनच त्याचे नाव ठेवले होते. ते कोणी बदलले नाही. परंतु त्याने देवाचा धावा केला, आणि देवाने त्याचे मागणे दिले. म्हणजे वाईट नाव बदलण्याचा बापाला अधिकार आहे. आणि ते बदलले नाही तरी देव तेवढ्यासाठी खोळंबून राहत नाही.

म्हणून ज्याचे सारे आयुष्य दगडू ह्या नावाने गेले, ज्याला ते नाव आपल्या आईची आठवण म्हणून प्रिय आहे, त्याला ते टाकावयास लावू नये. उपदेशक बंधू पुष्कळदा दगडूचा पेत्र करतात, आणि आपण मोठा पालट केला असे समजतात. पण पेत्र ह्याचा अर्थ काय? योहानाच्या पहिल्या अध्यायात प्रभूने शिमोनाला केफा म्हटले, आणि केफा काय किंवा पेत्र काय, अर्थ खडक, दगड, हाच. तेव्हा दगडूचा पेत्र केला म्हणजे दगडूचा दगडूच राहिला! फरक आहे तो हाक मारणाऱ्यात. गाव दगड म्हणे तो वाटेत पडलेला, ज्याला येणाऱ्याजाणाऱ्याने ठोकरावे असा. प्रभू दगड म्हणतो तो घराच्या बांधकामात बसविण्यासारखा. पेत्रानेही पुढे आपल्या पहिल्या पत्रात सर्व विश्वासणाऱ्यांना जिवंत धोंड्यांची उपमा दिली. दगडूभाऊ, तुमच्या नावाची लाज बाळगू नका. प्रभूने आपल्या पहिल्या शिष्यांपैकी एकाला तेच नाव मुद्दाम दिले आहे.

त्या रोमच्या हजेरीकडे आणखी एकदा वळू. अखेरीस दोन नावे आहेत, तर्तिय आणि क्वर्त. रोमी भाषेत तर्तिय म्हणजे तिसरा आणि क्वर्त म्हणजे चौथा. नुसता आकडा, अशी नावे त्या काळी दासांतही आढळत. पण ज्या पत्राने मंडळीचा विश्वास युगानुयुगे पोसला, ते रोमकरांस पत्र पौलाने सांगितले आणि ह्या “तिसऱ्याने” आपल्या हाताने लिहिले. आणि पौलाने त्याला आपला स्वतःचा सलाम त्यात लिहू दिला. आणि “चौथा”? त्याच्याविषयी एकच शब्द आहे, भाऊ. आकड्याने ओळखला जाणारा मनुष्य मंडळीत आला आणि भाऊ झाला. नाव तेच राहिले. पण आता ते मोजण्यासाठी राहिले नाही, आठवण करण्यासाठी झाले.

बंधूंनो, येथे आपण आपल्याच घरात पाहू. मंडळीच्या वर्गणीच्या यादीत नोकरीवाल्यांच्या नावापुढे “राव” आणि “साहेब” लागते, आणि मजुराचे नाव उघडेच राहते, असे होत नाही काय? वर्गणी दोघांनीही दिलेली असते. शिकून सवरून शहरात गेलेला आपला मुलगा सणाला गावी येतो आणि भक्तीला आलेल्या म्हाताऱ्याला “कचऱ्या” म्हणतो, असे होत नाही काय? गावाने आपल्या आजोबांशी जे केले तेच आपण आपल्या भावाशी केले, तर बाप्तिस्म्याचे पाणी कोठे गेले? आणि बहिणींविषयी काय बोलावे? मंडळीत तीस तीस वर्षे गाणारी, रोग्यांची सेवा करणारी बाई “अमक्याची आई” किंवा “तमक्याच्या घरची” एवढीच राहते, आणि तिच्या पुरण्याच्या दिवशी तिचे नाव काय होते हे पाळकाला विचारावे लागते. पौलाच्या यादीत फीबी, प्रिस्का, मरिया व पर्सिस ह्यांची नावे आहेत. रूफाची आई मात्र आई म्हणूनच आहे; पण पौल म्हणतो की ती माझीही आई. नात्याने हाक मारावयाची, तर अशी मारावी.

उपदेशक बंधूंना काही सूचना करितो. नाव निवडण्याचा हक्क आईबापांचा, आणि मोठा मनुष्य असेल तर त्याचा स्वतःचा आहे. विचारले असता अर्थ समजावून सांगावा, पण हट्ट धरू नये. लूकाच्या पहिल्या अध्यायात शेजारीपाजारी व नातलग बाळाला जखऱ्या म्हणू पाहत होते. पण आई अलीशिबा म्हणाली तेच झाले, आणि मुक्या बापाने पाटीवर तेच लिहिले. नाव हीनपणाचे असेल तर मुलाच्या बाप्तिस्म्यापूर्वी आईबापांशी एकांतात, मायेने बोलावे. चारचौघांत त्या नावाची थट्टा होऊ देऊ नये. जे नाव ठरेल तेच जन्माच्या नोंदीत, शाळेच्या दाखल्यात व मंडळीच्या वहीत एकसारखे लिहावे. दोन ठिकाणी दोन नावे झाली म्हणजे पुढे त्या मुलाला दाखल्यासाठी कचेरीचे उंबरठे झिजवावे लागतात. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचेही नाव लिहिण्याचा नियम झाला आहे. मंडळीच्या वहीतही ते लिहावे. तीमथ्याचा विश्वास आधी त्याची आजी लोईस व आई युनिके ह्यांच्या ठायी होता, असे पौलाने नावे घेऊन लिहिले आहे. मग आपल्या वहीत आईची जागा कोरी का असावी? आणि शेवटची सूचना ही की, वहीत लिहिलेले नाव तोंडानेही उच्चारावे. दुसऱ्या कोणी नाही तरी पाळकाने व उपदेशकाने प्रत्येकाला पुऱ्या नावाने व मानाने हाक मारावी. मंडळी त्यांच्याकडून शिकेल, आणि गाव मंडळीकडून शिकेल.

प्रभूने सांगितलेल्या एका दाखल्याची आठवण करून आम्ही पुरे करितो. एक श्रीमंत होता आणि त्याच्या दाराशी एक भिकारी पडलेला होता. श्रीमंताचे नाव साऱ्या गावाला ठाऊक असेल. भिकाऱ्याचे कोणी विचारलेही नसेल. पण प्रभूच्या मुखात श्रीमंताला नाव नाही, आणि भिकाऱ्याला आहे. त्याचे नाव लाजर, म्हणजे देव ज्याला साहाय्य करितो तो. स्वर्गातील वही अशी आहे. पृथ्वीवरच्या वहीत ज्याची जागा कोरी राहिली, तो तेथे नावानिशी लिहिलेला आहे. पुनरुत्थानाच्या सकाळी मग्दालीया येथील मरिया कबरेजवळ रडत उभी होती. तिने प्रभूला पाहिले तरी ओळखले नाही. त्याने तिचे नाव मात्र घेतले, आणि तिने त्याला ओळखले. आपलेही तसेच होईल. त्या दिवशी तो आपल्याला दगडू म्हणेल की पेत्र, यमुना म्हणेल की मरिया, ह्याची चिंता नको. प्रकटीकरणात लिहिले आहे की, जो विजय मिळवितो त्याला तो एक पांढरा खडा देईल, आणि त्यावर एक नवे नाव असेल. ते घेणाऱ्यावाचून कोणाला कळणार नाही. तोवर जे नाव आपल्याला मिळाले आहे ते त्याच्या नावाला शोभेल असे वागवू, आणि भावाचे व बहिणीचे नाव असे उच्चारू की, त्यात मेंढपाळाची हाक त्यांना ऐकू यावी.

प्रभू आपणा सर्वांस तशी वाणी देवो. आमेन.